शून्य मैल आणि प्रतलाची रूपे

प्रतलाचे समीकरण मुख्यतः दोन रूपांत लिहिले जाते. सदिश रूपात ते असे असते:

र · न = ग

आणि कार्तीय रूपात असे:

प क्ष + फ य + ब झ = ग

येथे ‘र’ हा प्रतलावरील कोणत्याही बिंदूचा स्थानसदिश, म्हणजे आरंभबिंदूपासून त्या बिंदूपर्यंत काढलेला बाण. ‘न’ हा प्रतलाला लंब असलेला सदिश. क्ष, य, झ हे त्याच बिंदूचे निर्देशक, आणि प, फ, ब हे ‘न’चे तीन अक्षांवरचे घटक. ‘ग’ ही संख्या दोन्हीकडे तीच. सदिश रूपातून कार्तीय रूपात यायचे तर ‘र’ आणि ‘न’ घटकांत मांडायचे आणि अदिश गुणाकार करायचा. उलट जायचे तर क्ष, य, झ यांचे सहगुणक उचलायचे आणि त्यांचा लंबसदिश बनवायचा. बारावी विज्ञानाच्या गणितात ‘रेषा आणि प्रतल’ या प्रकरणात हे दोन ओळींत उरकते.

रीत दोन ओळींची असली तरी तिच्यामागचा प्रश्न तेवढा लहान नाही. दोन समीकरणांत अक्षरे वेगळी, चिन्हे वेगळी, एकात बाण आहेत तर दुसऱ्यात नुसत्या संख्या. तरीही दोन्ही एकाच प्रतलाची आहेत असे विद्यार्थी निःशंकपणे म्हणतो. ते एकच आहे हे कशावरून? प्रतल या दोन्ही रूपांच्या पलीकडे कुठे तरी असते की रूपांतच असते? रूप बदलताना काही सांडत तर नाही? परमतत्त्व एक आणि त्याची रूपे अनेक, या विधानाबद्दल भारतीय दर्शनांनी हजारो वर्षे हेच प्रश्न विचारले आहेत. प्रतल ही साधी वस्तू आहे, आणि म्हणूनच ती उपयोगाची. तिच्याबाबत प्रत्येक उत्तर करून पाहता येते.

प्रतलाची सर्वांत उघडी व्याख्या तिसऱ्याच समीकरणात आहे: (र − अ) · न = ०. ‘अ’ हा प्रतलावरचा एक ठाऊक बिंदू. त्या बिंदूपासून प्रतलात कोणत्याही दिशेने गेले तरी ती वाट ‘न’ला काटकोनात असते, एवढेच हे समीकरण सांगते. कंस सोडवून अ · न ही संख्या उजवीकडे नेली की तिलाच ‘ग’ म्हणतात. वरची दोन्ही रूपे यातूनच निघतात.

नागपूरच्या आसपास असे प्रतल जमिनीखाली सापडते. उत्तरेकडे कामठी, सिल्लेवाडा, सावनेर आणि आग्नेयेला उमरेड या पट्ट्यांत दगडी कोळशाच्या खाणी आहेत. त्या चालवणाऱ्या वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीचे मुख्यालय नागपुरातच आहे. हा कोळसा गोंडवन काळातल्या बराकर खडकांत थराथराने बसलेला आहे. त्यांच्या वरच्या खडकांना तर भूशास्त्रात कामठीचेच नाव आहे. या परिसराच्या भूस्तरांचा पहिला नीट अभ्यास स्टीफन हिस्लॉप यांनी केला. १८४५ मध्ये ते धर्मप्रचारासाठी नागपुरात आले, रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर त्यांनी इथले खडक आणि जीवाश्म जमवले, आणि १८६३ मध्ये नागपूरच्या दक्षिणेला ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाला. धर्माच्या कामासाठी आलेल्या माणसाचे नाव या मातीच्या थरांशी कायमचे जोडले जावे, ही गोष्ट या विषयात आवर्जून सांगण्यासारखी आहे.

कोळशाचा थर लहान क्षेत्रापुरता सपाट मानता येतो, पण तो आडवा नसतो. तो एका बाजूला उतरत जातो. तो कसा उतरतो हे कळण्यासाठी तीन ठिकाणी बोअर घ्यावे लागतात, कारण एका रेषेत नसलेले तीन बिंदू प्रतल ठरवतात. समजा, सपाट माळावर पहिल्या बोअरचे तोंड हाच आरंभबिंदू धरला. क्ष पूर्वेकडे, य उत्तरेकडे, झ वर, सगळी मापे मीटरमध्ये. पहिल्या बोअरला कोळसा ६० मीटरवर लागला. तिथून १०० मीटर पूर्वेला घेतलेल्या दुसऱ्या बोअरला तो ७० मीटरवर लागला. पहिल्यापासून २०० मीटर उत्तरेला घेतलेल्या तिसऱ्याला १०० मीटरवर. म्हणजे थरावरचे तीन बिंदू (०, ०, −६०), (१००, ०, −७०) आणि (०, २००, −१००) असे मिळाले.

पहिल्या बिंदूपासून दुसऱ्याकडे जाणारा सदिश (१००, ०, −१०), तिसऱ्याकडे जाणारा (०, २००, −४०). दोन्ही थरातच पडलेले आहेत, म्हणून त्यांचा सदिश गुणाकार थराला लंब असणार. तो (२०००, ४०००, २००००) येतो; २००० हा सामाईक अवयव काढला की ‘न’ = (१, २, १०). पहिला बिंदू घेऊन ‘ग’ = −६००. थराचे सदिश समीकरण र · (१, २, १०) = −६००; कार्तीय समीकरण क्ष + २य + १०झ = −६००. दुसरा बिंदू घालून पाहिला तर १०० − ७००, तिसरा घातला तर ४०० − १०००. दोन्ही वेळा −६०० च.

या एका ओळीत थराबद्दलचे सगळे आहे. ‘न’ची लांबी १०५ चे वर्गमूळ, सुमारे १०.२५. ‘न’ आणि उभी दिशा यांच्यातला कोन सुमारे १२.६ अंश, आणि तीच थराची नती, म्हणजे आडव्या पातळीशी असलेला त्याचा कल. थर सर्वांत वेगाने उतरतो ती दिशा उत्तरेपासून पूर्वेकडे सुमारे २६.६ अंश वळलेली. आरंभबिंदूपासून थराचे सर्वांत जवळचे अंतर ६०० भागिले १०.२५, म्हणजे सुमारे ५८.६ मीटर, बोअरच्या उभ्या ६० मीटरपेक्षा ते थोडे कमी, कारण सर्वांत जवळची वाट लंबाच्या दिशेने जाते. भूशास्त्रज्ञ नती आणि उताराची दिशा नोंदतो तेव्हा तो ‘न’ लिहीत असतो. बोअरच्या खोल्या नोंदणारा निर्देशक लिहीत असतो. दोघांच्या वह्या वेगळ्या असल्या तरी थर एकच आहे.

आता आरंभबिंदू हलवला तर काय होते ते पाहू. नागपुरात हा प्रश्न शहराच्या मध्यावरच उभा आहे. सिव्हिल लाइन्समधला शून्य मैलाचा वालुकाश्मी खांब, त्याच्याजवळचे चार घोडे, खांबावर कोरलेली हैदराबाद, चांदा, जबलपूर, शिवनी, बैतूल अशा गावांची मैलांतली अंतरे, आणि १०२०.१७१ फूट ही समुद्रसपाटीपासूनची नोंदलेली उंची. इंग्रजांच्या काळातल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची ही खूण. पुष्कळांना तो भारताचा मध्य वाटतो. पण भारतीय सर्वेक्षणाचा गणिती आरंभबिंदू नागपुरात नव्हता. तो मध्य प्रदेशात सिरोंजजवळच्या कल्याणपूरला होता. उंची मोजायची तर आरंभ तिसराच, समुद्राची सरासरी पातळी. म्हणजे शून्य कुठे धरायचे हे जमिनीने ठरवलेले नसते, माणसे ठरवतात. या निवडीत कमीपणा काही नाही, मात्र निवड झाली आहे हे विसरू नये.

खाणीच्या उदाहरणात आरंभबिंदू १०० मीटर पूर्वेला, दुसऱ्या बोअरच्या तोंडाशी नेला, तर प्रत्येक बिंदूचा क्ष १०० ने कमी होतो आणि समीकरण क्ष + २य + १०झ = −७०० असे होते. थर हलला नाही, ‘न’ बदलला नाही, तरी ‘ग’ बदलला. आरंभबिंदू जागच्या जागी ठेवून अक्ष फिरवले तर याच्या उलटे घडते. क्ष अक्ष पूर्वेऐवजी थराच्या उताराच्या दिशेने घेतला की समीकरण √५ क्ष + १० झ = −६०० असे होते. य नाहीसाच होतो. ‘न’चे घटक (१, २, १०) होते ते (√५, ०, १०) झाले, पण त्यांच्या वर्गांची बेरीज आधीही १०५ होती आणि आताही ५ + १०० म्हणजे १०५ च आहे, ‘ग’लाही धक्का लागला नाही. शिवाय सगळ्या समीकरणाला २ ने गुणले तर चारही संख्या बदलतात आणि प्रतल जसेच्या तसे राहते. म्हणून या चारपैकी एकाही संख्येला ‘ही प्रतलाची’ म्हणता येत नाही. एका चौकटीत प्रतलाची म्हणता येते ती चौघींची परस्परांशी असलेली प्रमाणे, आणि चौकट बदलली की ती कशी बदलतात त्याचा नियम.

यातून जुना वाद पुढे येतो: दोनांपैकी कोणते रूप प्रतलाच्या जास्त जवळचे? सदिश रूपात अक्षांचा उल्लेख नसतो, म्हणून ते अधिक शुद्ध वाटते. १८९४ मध्ये एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे आर्थर केली आणि पीटर गथ्री टेट या दोन गणितज्ञांत यावरच वाद झाला. हॅमिल्टनने १८४३ मध्ये शोधलेली चतुष्टये, ज्यांच्यातून पुढे आजची सदिश पद्धत निघाली, टेटला निसर्गाची स्वतःची भाषा वाटत. केलीचे म्हणणे असे की ती खिशात घडी करून ठेवलेल्या नकाशासारखी आहेत: नेण्यास सोयीची, पण वाट शोधायची वेळ आली की घडी उलगडून निर्देशकांवर यावेच लागते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. बोअर नेमका कुठे घ्यायचा हे सांगायचे तर संख्या लागतात. थराचा उतार म्हणजे काय हे समजून घ्यायचे तर संख्यांच्या आधी लंब दिसावा लागतो.

मराठी वाचकाला इथे सगुण आणि निर्गुण आठवणे स्वाभाविक आहे. अक्षांच्या उपाधीवाचूनचे सदिश रूप निर्गुण, आणि पूर्व-उत्तर-ऊर्ध्व असे हातपाय असलेले कार्तीय रूप सगुण. वारकरी संतांनी हे दोन वेगळे नाहीत असे ठामपणे सांगितले, आणि सगुणाला निर्गुणाची पायरी म्हणून कमी लेखले नाही. उपमा इतपत चांगली जुळते. पण ती पुढे ताणली तर एक चूक हाती येते, आणि ती दाखवणे जरूर आहे. र · न = ग हे रूप निरुपाधिक नाही. ‘र’ हा बाण कुठून तरी निघतो; आरंभबिंदू त्याच्या शेपटाशी लपलेला असतो. म्हणूनच आरंभबिंदू हलताच सदिश रूपातलाही ‘ग’ बदलला. ज्याला निर्गुण मानले तेही एका जागी उभे राहूनच केलेले वर्णन होते. (र − अ) · न = ० मध्ये आरंभबिंदू खरोखर गळतो, कारण दोन स्थानसदिशांच्या वजाबाकीत तो राहत नाही; पण मग ‘अ’ कोणता आणि ‘न’ किती लांब, ही निवड येतेच. ‘न’ एकक लांबीचा घेतला, तरी तो वर तोंड करून घ्यायचा की खाली, हे ठरवावे लागते. ‘ग’ धन असावा असा संकेत केला तर तेही ठरते. पण आरंभबिंदू प्रतलातच असेल तर ‘ग’ शून्य होतो आणि दोन्ही लंबांचा हक्क सारखाच राहतो. एकही निवड न करता प्रतल लिहिता येत नाही. अमुक रूप सर्व निवडींपलीकडचे आहे असा दावा कुठल्याही शास्त्रात झाला की आरंभबिंदू कुठे दडला आहे हे विचारणे योग्य ठरते.

हा मुद्दा जैन दर्शनाने सर्वांत नेटाने लावून धरला. विदर्भाचा त्या दर्शनाशी जुना संबंध आहे: कारंजा हे दिगंबर भट्टारकांचे पीठ आणि हस्तलिखितांचे भांडार. ‘षट्खंडागम’ हा आगम वीरसेनांच्या ‘धवला’ टीकेसह हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून अमरावतीहून छापला जाऊ लागला. त्याच टीकेत संख्या अर्ध्या-अर्ध्या करत नेण्याच्या ‘अर्धच्छेदा’चे गणितही आहे, हे त्या परंपरेच्या वळणाला साजेसेच. जैन मत असे की वस्तू अनेकधर्मात्मक आहे, प्रत्येक विधान एका ‘नया’तून, एका दृष्टीतून केलेले असते, आणि विधानाला ‘स्यात्’ जोडला की त्याची मर्यादा उघड होते. सिद्धसेनाच्या ‘सन्मतितर्का’त सांगितले आहे की सुटे नय सुट्या रत्नांसारखे, ओवल्याशिवाय त्यांना रत्नावली म्हणत नाहीत. आणि जो नय इतरांना खोटे ठरवतो तो स्वतःच खोटा होतो.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात, दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादातील ३३ व्या सूत्रावर, यावर कडक आक्षेप घेतला. एकाच वस्तूत परस्परविरुद्ध धर्म एका वेळी असू शकत नाहीत. ‘आहे’ आणि ‘नाही’ दोन्ही म्हणणारा काहीच निश्चित सांगत नाही. आक्षेप हलका नाही. थराचा ‘ग’ −६०० आहे आणि −७०० ही आहे, असे नुसते म्हणणे खरोखरच विसंगत आहे. पण पहिल्या बोअरपासून −६०० आणि दुसऱ्यापासून −७००, असे म्हटले की विरोध उरत नाही, आणि अनिश्चितताही उरत नाही. दोन्ही विधाने काटेकोर आहेत. ‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ नव्हे. त्याचे काम ‘अमुक आरंभबिंदूपासून’ या शब्दांचे आहे. स्याद्वादाला संशयवाद समजणे ही चूक अजूनही होते, आणि प्रतलाचे उदाहरण ती दूर करण्यास पुरेसे आहे.

पण गणित स्याद्वाद्याकडूनही काही मागते. −६०० आणि −७०० एकाच थराचे आहेत हे सांगून भागत नाही. एकापासून दुसरा काढून दाखवावा लागतो. इथे नियम आहे: आरंभबिंदू ‘ह’ या सदिशाने हलवला तर नवा ग = जुना ग − ह · न. ह = (१००, ०, ०) घेतला तर −६०० − १०० = −७००. नियम उलटही चालतो, −७०० वरून −६०० परत मिळतो. सर्व मार्ग एकाच ठिकाणी जातात, हे वाक्य धर्माच्या चर्चेत फार सहज उच्चारले जाते. ते खोटे आहे असे नाही, पण ते सुरुवातीला गृहीत धरण्याचे विधान नाही. एका मार्गातले प्रत्येक पाऊल दुसऱ्याच्या भाषेत नेऊन आणि परत आणून दाखवल्यावर म्हणण्याचे आहे.

तसे न केल्यास काय होते तेही खाणीतच दिसते. समजा, पहिल्या थराखाली त्याला समांतर दुसरा थर आहे, आणि पहिल्या बोअरला तो ७० मीटरवर लागतो. पहिल्या बोअरपासून त्याचे समीकरण क्ष + २य + १०झ = −७००. आणि वर पाहिल्याप्रमाणे, दुसऱ्या बोअरपासून वरच्या थराचे समीकरणही क्ष + २य + १०झ = −७०० च. समीकरण अक्षरशः एक आणि थर दोन! वहीत आरंभबिंदू नोंदलेला नसेल तर भलताच थर खणला जाईल. समांतर प्रतलांचा ‘न’ एकच असतो आणि ती कितीही वाढवली तरी मिळत नाहीत. विदर्भातल्याच रिद्धपूरशी निगडित असलेल्या महानुभाव तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य आणि एकमेकांपासून निराळे मानले आहेत. सारखेपणावरून एकपणाकडे उडी घेऊ नये, हा द्वैतमताचा आग्रह या उदाहरणाने नीट समजतो. दोन संप्रदाय एकच शब्द वापरतात, ‘मोक्ष’ म्हणतात किंवा ‘शून्य’ म्हणतात, तेवढ्यावरून ते एकाच गोष्टीबद्दल बोलतात असे ठरत नाही.

याच जातीची फसगत ‘सपाट’ या शब्दात आहे. विल्यम लँबटन यांनी १८०२ मध्ये मद्रासला सुरू केलेले त्रिकोणमितीय सर्वेक्षण दोन दशके उत्तरेकडे सरकत आले, आणि नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला २० जानेवारी १८२३ रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर तिथेच आहे. त्यांच्या मेहनतीचा एक मोठा हेतू पृथ्वीची वक्रता मोजणे हा होता. नागपूरचे क्षितिज हे एक प्रतल, ओळंबा हा त्याचा लंब. कल्याणपूरचा ओळंबा नागपूरच्या ओळंब्याशी सुमारे सव्वातीन अंशांचा कोन करतो. दोन्ही गावांत जमीन सपाट आहे असे लोक म्हणतात आणि दोन्ही ठिकाणी समीकरण झ = ० असेच लिहिले जाते, पण ती दोन प्रतले समांतरसुद्धा नाहीत.

एकत्वाचा हा प्रश्न युरोपात गॉटलोब फ्रेग यांनी गणिताच्याच अंगाने सोडवायला घेतला. त्रिकोणाच्या तीन मध्यगा एका बिंदूत मिळतात. पहिली आणि दुसरी यांचा छेदबिंदू, आणि दुसरी आणि तिसरी यांचा छेदबिंदू, ही एकाच बिंदूची दोन वर्णने. बिंदू एक, तो हाती येण्याच्या रीती दोन, असा फरक त्यांनी १८९२ च्या निबंधात केला. त्याआधी १८८४ च्या अंकगणितावरील ग्रंथात त्यांनी आणखी मूलगामी विचार मांडला होता: दिशा ही वस्तू आधी दिसते आणि मग रेषा समांतर ठरतात असे नाही, समांतर असणे आधी कळते, आणि ‘यांची दिशा एक’ असे म्हणण्यातून दिशा ही कल्पना जन्मते. प्रतलांचा कलही तसाच. म्हणजे लंब ‘न’ हा प्रतलावर उभा असलेला खरा खांब नव्हे. समांतर प्रतलांच्या सगळ्या कुटुंबात जे समान आहे त्याला दिलेले ते नाव आहे.

मग प्रतलाचे स्वतःचे असे काय उरते? रामटेकच्या परिसरात नागार्जुनाच्या नावाची टेकडी दाखवतात. परंपरेने त्या बौद्ध आचार्याला विदर्भाच्या या भागाशी जोडले आहे. त्याच्या माध्यमिक मताने उत्तर असे येईल: स्वभाव म्हणून काही उरत नाही, जे आहे ते परस्परसापेक्ष आहे, आणि याचा अर्थ काहीच नाही असाही नव्हे. लायब्निट्झ आणि क्लार्क यांच्या १७१५–१६ च्या पत्रव्यवहारात हाच मुद्दा ईश्वराच्या संदर्भात आला. सगळ्या वस्तूंची परस्पर अंतरे तशीच ठेवून देवाने पूर्व-पश्चिम उलटून विश्व मांडले असते, तर त्यात आणि या विश्वात कोणता फरक पडला असता? लायब्निट्झच्या मते कोणताही नाही, म्हणून निरपेक्ष अवकाश मानण्याचे कारणच नाही. न्यूटनची बाजू मांडणाऱ्या क्लार्कच्या मते अवकाश वस्तूंवाचूनही आहे, आणि ईश्वराची इच्छा हे पुरेसे कारण आहे. प्रतलापुरते बोलायचे तर हिशेब लायब्निट्झच्या बाजूने झुकतो. पहिल्या बोअरच्या तोंडापासून थराचे ५८.६ मीटर अंतर कोणत्याही अक्षांनी, कोणत्याही आरंभबिंदूपासून काढले तरी तेच येते, नती १२.६ अंश, तीही तीच. अंतर दोन वस्तूंमधले असते आणि नती थर व ओळंबा यांच्यातली. टिकतात ते संबंध. पण ते संबंध चौकट बदलणाऱ्याच्या मर्जीवर नाहीत, आणि त्यांना भ्रम म्हणणे बरोबर होणार नाही.

प्रतलाचे आणखी एक सदिश रूप असते, ज्यात लंब नसतो: र = अ + ल उ + म व. ‘उ’ आणि ‘व’ हे प्रतलात पडलेले दोन भिन्न दिशांचे सदिश, ‘ल’ आणि ‘म’ ही प्रचले, म्हणजे कोणत्याही संख्या. आधीची समीकरणे कसोटीसारखी आहेत: एखादा बिंदू दिला की तो प्रतलावर आहे की नाही ते सांगतात, पण स्वतःहून एकही बिंदू देत नाहीत. हे रूप वाटेसारखे आहे: ‘अ’पासून ‘उ’च्या दिशेने इतके, ‘व’च्या दिशेने तितके चालले की प्रतलावरचा बिंदू पायाखाली येतो. सिद्धांत आणि साधना यांत हाच भेद असतो. शास्त्रग्रंथ खरे-खोटे पारखण्याचा निकष देतात, साधक पावलांनी जातो. आणि निकष पाठ असलेल्याला वाट ठाऊक असतेच असे नाही.

या रूपातून कार्तीय रूपात यायचे तर ‘उ’ आणि ‘व’ यांचा सदिश गुणाकार करून ‘न’ काढायचा आणि दोन्ही बाजूंचा ‘न’शी अदिश गुणाकार करायचा. ‘न’ त्या दोघांनाही लंब असल्यामुळे ‘ल’ आणि ‘म’ यांच्या पदांचे शून्य होते. कोण कुठल्या वाटेने आला ही माहिती इथे खरोखर पुसली जाते; प्रतल पुसले जात नाही. परत जाताना मात्र वाट एकच नसते. ‘अ’, ‘उ’, ‘व’ असंख्य तऱ्हांनी निवडता येतात आणि प्रत्येक निवड बरोबर असते, फक्त ‘उ’ आणि ‘व’ एका रेषेत नकोत आणि दोन्ही ‘न’ला लंब हवेत.

कोळशाच्या थरात सोयीची निवड अशी होईल. उ = (२, −१, ०): या दिशेने थरात चालले तर चढ नाही, उतार नाही. व = (२, ४, −१): ही सर्वांत तीव्र उताराची दिशा, पहिलीशी काटकोनात. पहिल्या बोअरच्या बिंदूपासून निघाले तर क्ष = २ल + २म, य = −ल + ४म, झ = −६० − म. हे क्ष + २य + १०झ मध्ये घातले की २ल आणि −२ल एकमेकांना काढून टाकतात, २म आणि ८म मिळून −१०म ला काढतात, आणि −६०० उरतो.